तळघरातली हाक

सुमतीबाई स्मशानावरून जाणारी रिक्षासुद्धा वळवून न्यायला सांगायच्या. तरी त्या दिवशी सुनेबरोबर आल्या, कारण ऋचा त्या ओसाड जागी एकटी जाणार हे त्यांच्या जिवाला पटेना.

ऋचा जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करायची. पनवेलहून उरणकडे जाताना खाडीकाठच्या उंचवट्यावर एक चर्च होतं. मिठागरांवरच्या इंग्रज साहेबांनी ते आपल्या गावाकडच्यासारखं बांधून घेतलेलं. पश्चिमेला चौकोनी मनोरा, पूर्वेला वेदी, टोकदार कमानींच्या खिडक्या, आणि सभोवती गवतात बुडालेली थडगी. साहेब मायदेशी परतले. जे परतू शकले नाहीत ते इथेच राहिले.

"आई, तुम्ही इथे सावलीत बसा," ऋचा म्हणाली. फाटकावर कौलारू छप्पर होतं, खाली लांबट दगडी बाक. सुमतीबाई टेकल्या.

"एवढं लांबलचक बाक कशाला गं?"

"पाद्री येईपर्यंत शवपेटी टेकवायला."

सुमतीबाई चटका बसावा तशा उठल्या. ऋचा हसत आत गेली.

ऊन टळटळीत होतं. दूर द्रोणागिरीच्या बाजूला कंटेनरचे ट्रक घरघरत होते. आणि एकदम चर्चमध्ये धाडकन आवाज झाला. दारातून धुळीचा लोट बाहेर आला.

"ऋचा!"

ओ नाही. सुमतीबाई धावत दाराशी गेल्या. वेदीपुढच्या फरशीला मोठं काळं भगदाड पडलं होतं. त्यांनी एक पाऊल आत टाकलं, तर पायाखालचा दगड डुगडुगला. त्या मागे सरल्या. फोन लावला, तर ऋचाचा फोन आतच कुठेतरी वाजत राहिला.

आणि मग बाहेरून, थडग्यांमधून, जमिनीच्या आतून आवाज आला.

"आई..."

आवाज ऋचाचाच, पण पोकळ, ओलसर. सुमतीबाईंना वाटलं, भूतच. त्या पळाल्या. रामरक्षा पुटपुटत थेट फाटकापर्यंत पळाल्या.

"आई, पाय अडकलाय माझा!"

त्या थबकल्या. भुताचा पाय कशाला अडकेल? स्वतःचीच लाज वाटून त्या थडग्यांवरून अडखळत परत आल्या. भिंतीच्या बुडाशी, गवताआड गजांचा झरोका होता. गजांमधून मातीनं माखलेली बोटं बाहेर आली होती. सुमतीबाईंनी ती घट्ट धरली.

"खाली तळघर आहे," ऋचा धापा टाकत म्हणाली. "पायावर दगड पडलाय. माझ्या बाजूला पेट्या आहेत... एक फुटलीय. मी तिकडे बघत नाहीये, आई. आणि वरच्या फरशा करकरतायत."

"मी कुणाला तरी बोलावते."

"हात सोडू नका ना!" ऋचा रडत होती. मग तीच म्हणाली, "नाही, जा. पूर्वेच्या भिंतीला बाहेरून पायऱ्या असणार. पेट्या तिथूनच खाली नेत असतील."

हात सोडवणं सुमतीबाईंना फार जड गेलं. एकशेबाराला फोन करत त्या खाडीकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडल्या. काठावर होडीची डागडुजी करणारा काशिराम आणि त्याची बायको दमयंती पहार घेऊन धावत वर आले.

घाणेरीची झुडपं उपटली, तर खरंच पायऱ्या निघाल्या. खाली गंजलेलं लोखंडी दार. काशिरामनं पहार घातली. दार किंचाळत उघडलं आणि कुबट, गार हवा तोंडावर आली.

"मावशी, तुमी वरच थांबा. आमी हाव ना!" दमयंती म्हणाली.

पण सुमतीबाई सगळ्यांच्या आधी आत शिरल्या. डोळ्यांना काही दिसेना. हात कशाला लागला ते त्यांनी विचारलं नाही. ऋचापाशी पोचून त्या तिच्या आणि फुटक्या पेटीच्या मध्ये बसल्या आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. वरून माती गळत होती.

"हलू नको. मी हाय ना," दमयंती ऋचाला सांगत होती, आणि काशिरामनं दगड तसूभर उचलला. दोघींनी ऋचाला ओढून काढलं. पायऱ्या चढून ते उजेडात येतात न येतात तोच आत फरशीचा आणखी एक तुकडा कोसळला. पाठोपाठ धूळ आली.

पनवेलच्या हॉस्पिटलात ऋचाच्या पायाला प्लास्टर घातलं. ती झोपली. मग कुठे सुमतीबाईंचे दात वाजायला लागले. पंखा बंद केला, दोन ब्लँकेटं घातली, तरी थांबेनात.

"यांना कधीपासून होतंय असं?" नर्सनं विचारलं.

"ही झोपली तेव्हापासून," सुमतीबाई कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी ऋचाचा हात पुन्हा घट्ट धरला.