दोन लाइनी आणि एक म्हातारा राउटर

मी एक जुना राउटर आहे. जुना म्हणा, पण भंगार म्हणू नका, मित्रांनो. तेवढं मला सहन होत नाही!

माझं घर म्हणजे एका थंडगार दालनातलं लोखंडी कपाट. इथे प्रत्येक इंटरनेटवाल्याचं असं एक भाड्याचं कपाट असतं. मोठ्या कंपन्या इथे ठोक बँडविड्थ, म्हणजे इंटरनेट वाहून नेण्याची क्षमता, विकतात. आमच्या ताई ती घेतात आणि घरोघरी थोडी थोडी विकतात. कोणाकडे किती जायची, ते वाटप नऊ वर्षं मी केलं, एकदाही मान टाकली नाही. "हा आहे म्हणून मला सुखाची झोप लागते," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मग चकचकीत नवा राउटर आला आणि मला बंद करून खालच्या फळीवर सारलं. अंगावर धूळ साचली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी सकाळी सव्वादहाला ताईंची लाइन गेली. अकरा वाजता वसतिगृहातल्या साठ मुलींची ऑनलाइन प्रवेश परीक्षा, तीही आमच्याच भरवशावर! ताई मात्र निवांत होत्या. अशा वेळेसाठीच त्यांनी दुसऱ्या विक्रेत्याकडून दुसरी लाइन घेऊन ठेवली होती. बघतात तर तीही बंद! ताईंचे मामा म्हणजे आमचे तंत्रज्ञ. त्यांनी फोनवर चौकशी केली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, तो दुसरा पहिल्याकडूनच घेऊन आपल्याला विकत होता!"

"आणि आपण दोन वर्षं खुशीत! मामा, पोरींचं वर्ष वाया जाईल हो."

शेजारचं कपाट आमच्या पक्क्या स्पर्धकाचं. त्यांची लाइन तिसऱ्याच कंपनीची, ती चालू होती, आणि ते स्वतः तिथेच काम करत होते. ताई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "थोडी बँडविड्थ द्या, हवी ती किंमत लावा."

"किंमत नंतर बघू. आधी तार आणा," ते म्हणाले.

पण त्यांच्याकडे मोकळी जागा होती ती तांब्याच्या तारेची, आणि आमच्या नव्या साहेबांना फक्त काचेची तार, म्हणजे फायबर, चालते. मला दोन्ही चालतात! मामांनी मला खेचून बाहेर काढलं. "ऊठ रे म्हाताऱ्या, लाज राख आमची!"

जागं व्हायला मला सात मिनिटं लागतात. पंखे घरघरले, धूळ उडाली, मामांना शिंकांवर शिंका आल्या. अकराला चार मिनिटं उरली असताना माझा हिरवा दिवा लागला. मिळालेली बँडविड्थ सगळ्यांना पुरणार नव्हती.

"सिनेमेवाले थांबतील, आधी पोरी," ताई म्हणाल्या, आणि मी अगदी तसंच वाटप केलं.

दोन वाजता वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. साठच्या साठ पेपर पोचले होते! ताईंनी तो फोन माझ्याजवळ धरला. "पुन्हा एकदा सांगा हो बाई, ह्यालाही ऐकू दे."

त्या दिवशी माझ्याएवढं ताठ त्या दालनात कोणी नव्हतं. तेव्हा मित्रांनो, दुसरी लाइन घ्याल तेव्हा ती मुळात येते कुठून, एवढं विचारून घ्या. आणि आम्हा जुन्यांना अधूनमधून चालवून बघत जा. आम्हाला हारतुरे नकोत, एक कोरडं फडकं पुरे.