पखवाजाची कणीक

कमळाकरच्या घरात गव्हाचं पीठ यायचं ते फक्त पखवाजासाठी. खोटं नाही सांगत. उंबरमाळीच्या खालच्या अंगाला भातशेतीचं गाव, दोन्ही वेळा तांदळाची भाकर. पोळी खायची ती दुसऱ्याच्या लग्नाकार्यात. पण पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो काही घुमत नाही, आणि तिथं तांदळाचं पीठ चालत नाही. पहिल्या वर्षी या बहाद्दरानं तेही करून पाहिलं होतं. पीठ वाळून पोपडे गळाले, शिकवणाऱ्या जाणूबुवांनी शिव्या घातल्या आणि गाव आठ दिवस हसलं.

"माणसाला भाकर आन् ढोलाला पोळी! वा रे संसार!" त्याची बायको छाया रोज पहाटे कणीक मळताना करवादायची. पण मळायची. अकरा वर्षं मळली बिचारीनं.

कमळाकर हायवेच्या एका गोदामात माल उतरवायचा. सहाला घर सोडायचं, अंधार पडल्यावर यायचं. पण पहाटेचा एक तास त्याचा. रिकाम्या गोठ्यात पोतं टाकून आपला जुना पखवाज घेऊन बसायचा आणि एकच भजनी ठेका घोटायचा. अहो, त्या तासात तो माणूस सुखी असायचा, सुखी म्हणजे अगदी सुखी! पुढं दिवसभर सुपरवायझर आईबापावरून बोलला तरी याची बोटं आपली मांडीवर चालू. त्याला हवं होतं एकच. गावच्या सप्त्यात, मारुतीच्या देवळात, काल्याच्या कीर्तनाला एकदा पखवाजावर बसायचं. एकदाच.

ती जागा जाणूबुवांची. वय अठ्ठ्याहत्तर, तीन वर्षांपासून हात थरथरायचा, म्हणून सप्त्याला बाहेरचा वाजवणारा येऊ लागला होता. कमळाकर दर रविवारी बुवांच्या ओटीवर शिकायला बसायचा. येताना कधी शेवग्याच्या शेंगा, कधी सुकी मासळी. आत त्यांची नात मनस्वी भांडी घासत असायची. शेवटी बुवा म्हणायचे, "बरा हाय. आजून बसव हात." एवढ्यावर हा आठवडा काढायचा.

यंदा काल्याच्या दिवशी घोडं अडलं. सकाळचे दहा वाजले, देवळात पाय ठेवायला जागा नाही, कीर्तनकार उभे राहिले, टाळकरी उभे राहिले, आणि वाजवणाऱ्याचा फोन आला की कसारा घाटात कंटेनर आडवा झालाय, दोन तास तरी सुटका नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

कमळाकर उठला. त्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली कणीक होती. दर सप्त्याला न्यायचा, न जाणो!

"जा रं कमळाकर, आज तुजा दिस!" मागून कुणीतरी ओरडलं. लोकांनी वाट दिली. तो बसला, कणीक थापली, वाद्य मांडीशी ओढलं. थाप मारली तर काय घुमला म्हणता पखवाज! बाहेरच्या मंडपात उभी असलेली छाया डोळ्याला पदर लावू लागली.

"कमळाकर, तू नको," पुढं बसलेले जाणूबुवा म्हणाले. "उठ. मनस्वीला बसू दे."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग ती एकोणीस वर्षांची पोर ओढणी खोचून पुढं आली. कमळाकर उठला. दुसरं काय करणार? तिनं त्याच्याच कणकेवर हात टाकला आणि कीर्तन असं रंगलं की म्हातारीकोतारी उभी राहून डोलू लागली. दहीहंडी फुटली. कमळाकरच्या हातावर कुणी काला ठेवला, तो तसाच धरून उभा.

दुपारी तो बुवांच्या ओटीवर गेला. सकाळचा पखवाज मनस्वीनं तिथंच आणून ठेवला होता.

"ती कवा शिकली?"

"तुला सांगत व्हतो तवा. भिंतीआडून."

"आन् मी?"

"तुजा हात पळतो, बाबा. ठेका धरतोस बरा, पन जरा वेळानं पुढं धावत सुटतोस, आन् तुला कळत नाय. भरल्या देवळात टाळकऱ्यांची फरफट झाली असती."

"तुमाला कवा कळला?"

बुवांनी मान खाली घातली. "पयल्याच पावसाळ्यात."

"मंग अकरा वर्सं का नाय बोल्लात?"

"बोल्लो असतो तर तू आला असतास का? माज्याकडं दुसरा कोन येतो रे?"

कमळाकर उठला. त्याच्या मनात आलं, या म्हाताऱ्याच्या तोंडावर ते वाद्य आपटावं. पण वाद्य देवळाचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे छायानं सवयीनं कणीक मळली आणि हाक मारली. कमळाकर जागाच होता.

"पोळ्या कर त्याच्या," तो म्हणाला.

छाया परातीकडं बघत राहिली.

"माजा हात पळतो, तुलाबी ठावं व्हता?" त्यानं विचारलं.

"मी हितं भाकऱ्या थापायची," ती हळूच म्हणाली. "तुमच्या ठेक्यावर थापाया गेली का शेवटाला मला धाप लागायची."

"मंग बोल्ली का नायस?"

"तेवढा येकच तास तुमी घरात हसत व्हतात. त्यो बी मोडू?"

तो चुलीपाशी येऊन बसला. छायानं चार पोळ्या लाटल्या. तिला गोल जमेनात, सवय कुठं होती? त्यानं दोन खाल्ल्या, मऊ झाल्यात म्हणाला. उरलेल्या दोन डब्यात बांधल्या आणि सहाला निघणारा माणूस गोठ्याकडं न वळता पाचलाच कामाच्या वाटेला लागला.