खिडकीतलं बेट

"बाबा, जागा निवडताय की जावई?" फोनवर लेक वैतागली. "अर्धा तास झाला. कुठलीही खिडकी सांगा, मी तिकीट काढते."

"कुठलीही नको. पंखाच्या पुढची. आणि उजवीकडची."

आठवडाभर म्हाताऱ्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि बायको ताट मांडीवर घेऊन जेवत होती. उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी विमानाची वाट त्याने पट्टीने आखली. निघाल्यापासून चाळीस मिनिटांवर, वाटेच्या पूर्वेला, ते सरोवर होतं.

छत्तीस वर्षं तो नकाशांच्या कचेरीत आरेखक होता. दुसऱ्यांनी मोजलेली जमीन मान मोडून कागदावर उतरवायची, एवढंच काम. एकदा मोजणीदाराच्या वहीवरून त्याने या सरोवराच्या मधोमध एक बेट काढलं, वरच्या डाव्या कोपऱ्याचा चावा घेतलेल्या बिस्किटासारखं. साहेबांनी भिंगही न लावता निकाल दिला, "हा शाईचा डाग आहे. खरवडून टाका." वही समोर उघडी होती. "साहेब, बेट आहे," हे तीन शब्द घशातच राहिले, आणि त्याने आपल्याच हाताने ब्लेडने बेट खरवडलं. तेव्हापासून कचेरीत त्याचं नाव पडलं डागोबा. पुढे पुढे तर त्यालाच शंका यायला लागली, वहीत बेट होतं ना नक्की? लेक म्हणाली, फोनवर उपग्रहाचा फोटो दाखवते, तर तो घाबरून नको म्हणाला. टीचभर पडद्यावर निकाल नको. बघायचं तर डोळ्यांनी.

ठरलेल्या दिवशी सकाळी विमानात बायकोच्या शेजारी, खिडकीपाशी बसल्या बसल्या त्याने रुमालाने काच पुसली. विमान चढलं, वळलं, सरळ झालं. ऊन आत आलं ते डावीकडच्या खिडक्यांतून. म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, सूर्य तिकडे आहे."

"असू दे की. तुम्हाला सावली मिळाली."

"सूर्य तिकडे म्हणजे पूर्व तिकडे!"

नकाशात पूर्व नेहमी उजव्या हाताला. जन्मभर उत्तर वर धरून काम केलेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं, की आपण दक्षिणेकडे तोंड करून उडणार आहोत.

बायकोचा जन्म शिवणकामात गेला होता. "म्हणजे सदरा उलटा घातलात आणि खिसा गेला दुसऱ्या बाजूला," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं दिशा काढत होता म्हणे!" मग तिने हळूच विचारलं, "किती वेळ राहिलाय?"

"अकरा मिनिटं."

"मग बसलात काय? उठा."

पलीकडच्या रांगेत खिडकीपाशी एक आडदांड गृहस्थ पडदा ओढून घोरत होता. शेजारच्या दोन जागा रिकाम्या होत्या. म्हातारा उठला, दोन पावलं गेला आणि परत येऊन बसला.

"झोपलाय गं तो."

"तुमचे साहेब जागे होते, तेव्हा बोलला नाहीत. हा झोपलाय, हा तर सोपा."

म्हातारा पुन्हा उठला. त्याने त्या गृहस्थाच्या खांद्याला हात लावला. "अहो, उठा जरा. तुमच्या खिडकीत माझं बेट आहे."

"काय आहे?"

"बेट. सात मिनिटांत येईल. मला ही जागा द्या." आपला आवाज एवढा मोठा आहे, हे त्याला आजच कळलं. पुढच्या चार माना मागे वळल्या.

गृहस्थाने डोळे चोळले. "आणि नाही आलं तर?"

"तर मला खुशाल डागोबा म्हणा."

यातलं गृहस्थाला काही कळलं नाही, पण तो शेजारच्या जागेवर सरकला. पडदा वर गेला. डोंगर मागे पडले, एक नदी आली, रुंद होत गेली, आणि एकदम सगळं पाणी उन्हात कोऱ्या कागदासारखं पांढरंशुभ्र झालं. त्या कागदाच्या मधोमध काळंभोर काहीतरी होतं. वायव्येच्या कोपऱ्याचा चावा घेतलेलं.

"साहेब, बेट आहे!" म्हातारा ओरडला.

"आहे की हो!" साहेब नसलेला तो गृहस्थ खिडकीकडे वाकून म्हणाला.

बायको मागून डोकावली. "अहो, पण हे तर अगदी शाईच्या डागासारखं दिसतंय."

"म्हणजे हुबेहूब काढलं होतं मी!" म्हातारा म्हणाला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

उतरेपर्यंत त्या गृहस्थाने जागा परत मागितली नाही. म्हाताऱ्यानेही दिली नाही.