गाणारी पडवी

आमच्या टीव्हीवरच्या खेळाचा पहिला भाग बाजारात आला, त्या हिवाळ्यात ओसाकातली निम्मी मुलं चवड्यांवर चालायला लागली होती. काळ्या कपड्यातला एक निंजा, एक जुनी गढी आणि हातात कंदील घेतलेले गस्तवाले. गस्तवाल्याची पाठ वळेपर्यंत भिंतीला चिकटून राहायचं आणि कुणाला पत्ता लागू न देता आत जाऊन बाहेर यायचं, एवढाच खेळ. गस्तवाल्यांची डोकी मी लिहीत असे. कधी वळायचं, कधी जांभई द्यायची, कशाने दचकायचं. आवाजांचं खातं मिसाओ कुरानागाचं.

दुसऱ्या भागात आम्हाला गाणारी पडवी हवी होती. जुने सरदार झोपायच्या खोलीभोवती मुद्दाम अशी पडवी बांधून घेत. फळीवर पाय पडला की खालचं लोखंड घासून पाखरासारखी चिवचिव व्हायची आणि चोरपावलांनी आलेला माणूस सापडायचा. मिसाओने वेताची टोपली पिळून पाहिली, सायकलची जुनी सीट दाबून पाहिली, कचेरीतल्या कोठीचं दार तर चाळीस वेळा उघडलं. आमचे मुख्य हियामासान ऐकायचे आणि मान हलवायचे.

"हे ऐकून गस्तवाला उठणार नाही, मिसाओ. सुताराला निरोप धाडेल."

शेवटी ऑक्टोबरात ती ध्वनिमुद्रणाचं यंत्र पाठीला लावून इगाच्या डोंगरात गेली. तिथल्या एका लहानशा देवळात तसली पडवी अजून आहे, असं तिला कळलं होतं. पुढचं मला तिनेच सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलं.

देऊळ चहाच्या मळ्यांच्या वर होतं. तिथे फुसाए आजी एकट्याच राहायच्या. नवरा त्या देवळाचा पुजारी. तो जाऊन बारा वर्षं झाली होती. आजी एक्याऐंशीच्या. समोर बसून मोठ्याने बोललं की त्यांना सगळं समजायचं.

"पडवीचा आवाज घ्यायला आलीस?" आजी हसल्या. "उशीर केलास, पोरी. ती गायची बंद झाली. सात-आठ वर्षं झाली असतील."

"बंद झाली? म्हणजे दुरुस्त केली का?"

"छे! कुणी हात लावलाय तिला? माझ्या पावलांनीच तिला जिंकलं शेवटी."

मिसाओचा चेहरा पडला. पण बस दुसऱ्या दिवशीच होती. आजींनी तिला भात, मुळ्याचं लोणचं आणि मिसोचं गरम सार वाढलं, आणि पडवीलगतच्या खोलीत गादी घालून दिली.

पहाटे तिला जाग आली ती पाखरांनी. कागदी दारापलीकडे उजाडत होतं आणि धुकं इतकं दाट होतं की दार दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. चिव. मग थोडं थांबून, चिव चिव. तिने पांघरुणातूनच हेडफोन कानाला लावले. आवाज एकदम मोठा झाला, सगळी खोली त्याने भरली, आणि तिला वाटलं आपण झाडाच्या आत झोपलोय. पाखरं एका रांगेत, एकेक पाऊल टाकत, तिच्या उशाशी येत होती.

तिने दार बोटभर सरकवलं. पडवीवरून फुसाए आजी चालल्या होत्या. कपड्याचा काठ मुठीत धरलेला, श्वास रोखलेला, ओठ घट्ट मिटलेले. आधी चवडा, मग टाच, अगदी आमच्या निंजासारखं. आणि प्रत्येक पावलाला फळी अशी गात होती की खालच्या मळ्यात ऐकू जावं. आजी पूर्वेच्या टोकाला पोचल्या, धुक्यात बुडालेल्या रस्त्याच्या वळणाकडे बघत जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि तशाच, वाजत-गाजत, परतल्या.

त्यांच्या कानातले बारीक, किनरे आवाज संपले होते. फळीचं गाणं त्यांच्यापुरतं थांबलं होतं, इतकंच.

"झोप नीट लागली ना?" न्याहारीच्या वेळी आजींनी विचारलं. "मी पहाटे एक फेरी मारते. पण कुणाला जाग येऊ देत नाही हं."

मिसाओच्या तोंडात घास तसाच राहिला. "नाही आजी. मला काही कळलंसुद्धा नाही."

ती त्या दिवसाच्या बसने गेली नाही. पुढच्याही नाही.

"हे चालणं कुठे शिकलात?" तिने एकदा विचारलं.

"सासूच्या धाकाने!" आजी म्हणाल्या. "नवरा लढाईवर गेला, तेव्हा मी सव्वीस वर्षांची. पडवीच्या टोकावरून रस्ता दिसतो ना, तिथे जाऊन मी उभी राहायची. सासूबाईंनी बजावलं, असं वाट बघत उभं राहायचं नाही, अशुभ असतं. दिवसा त्यांचं लक्ष. मग उरली पहाट, आणि पहाटे ही मेली पडवी बोंब मारणार. एकेक फळी शिकले मी. कुठली डावीकडून मुकी, कुठली मधून. शेवटीशेवटी चार-पाचच चिवचिवायच्या."

"आणि आजोबा आले?"

"आले की! भर दुपारी आले. मी ओढ्यावर मुळे धूत होते. हातातला मुळा तसाच घेऊन पळाले, तर म्हणतात कसे, 'मारायला आलीस की काय?'"

त्या दुपारी मिसाओ मळ्याच्या कडेला पाऊलवाटेचा आवाज टिपत होती. मळेवाले किसाबुरो काका, साठीचे, टोपली खाली ठेवून तिच्याजवळ आले.

"आजींना सांगितलं नाहीत ना तुम्ही? पडवीचं?"

"नाही, काका."

"सांगू नका. त्यांची फेरी ऐकली की मी पाणी तापत ठेवतो. वाजली, म्हणजे म्हातारी उठली, सगळं ठीक. नाही वाजली, तर धावत वर जायचं, असं मी आणि बायकोनं ठरवून ठेवलंय." त्यांनी टोपली उचलली. "आणि आजी सांगतात ना, तशा त्या काळी मुक्या-बिक्या फळ्या काही नव्हत्या. तेव्हाही वाजायचीच. आजींची सासू माझ्या आईला सांगायची, 'पोरगी आज लवकर उठली गं. मी कूस बदलून पडून राहिले.' रोज ऐकायची ती. तिचाही मुलगाच होता ना तो."

चौथ्या दिवशी पहाटे पडवी वाजली नाही.

मिसाओ हेडफोन लावून बसली होती. कानात फक्त धुक्याचं थेंब थेंब गळणं. उजेड वाढला, तरी काही नाही. तेवढ्यात खालून धप धप धप आवाज आला, आणि चिखलाच्या बुटांनिशी किसाबुरो काका पडवीवर चढले. पडवीने असा कल्लोळ केला की छपरावरचे कावळे उडाले. दोघं आजींच्या खोलीत शिरले. गादी घडी करून ठेवलेली. स्वयंपाकघर रिकामं. मागचं दार उघडं. दोघं तशीच अंगणात धावली, मिसाओ तर अनवाणीच.

धुक्यात शिडी दिसली. शिडीवर आजी, आणि आजींच्या भोवती, पानं झडलेल्या झाडावर, काकी नावाची केशरी फळं कंदिलांसारखी टांगलेली.

"काय रे किसा?" आजी वरून ओरडल्या. "चोर आलाय का?"

काका धापा टाकतच ओरडले, "नाही... म्हटलं... चहा झाला का बघावं."

"एवढं धावत? घरी बायको देत नाही वाटतं! ही पोरगी आज जाणार, तिला फळं द्यावीत म्हणून चढले. पकड ही टोपली."

काकांनी टोपली पकडली.  

ती परत आली, तेव्हा हियामासाननी पडवीचा आवाज ऐकला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. या वेळी मान हलवली नाही. पण मिसाओ माझ्यापाशी येऊन बसली.

"मला गढीत एक म्हातारी हवीय. पहाटे पडवीवरून चालणारी. आणि तुझे गस्तवाले तिच्या आवाजाने उठायचे नाहीत."

"वेडी आहेस का? आवाज झाला की उठायचं, एवढंच तर शिकवलंय त्यांना. आणि एका म्हातारीसाठी मेमरी कुठून आणू?"

"दोन गस्तवाले कमी कर."

"का उठायचं नाही पण त्यांनी?"

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. मी तीन गस्तवाले कमी केले.

पुढच्या वर्षी खेळ आला, आणि मुलांची पत्रं यायला लागली. म्हातारीबद्दल आम्ही कुठेही काही लिहिलं नव्हतं, पण मुलांनी शोधून काढलं होतं. तिच्या मागे राहायचं, तिचं पाऊल पडेल तेव्हाच आपलं टाकायचं, म्हणजे सगळी पडवी पार होते. क्योतोच्या एका मुलीने लिहिलं होतं, "मी रोज शाळेत जाण्याआधी तिच्याबरोबर एक फेरी मारते. पुढे जात नाही."

फेब्रुवारीत आम्ही गाडीत लहान टीव्ही आणि खेळाचं यंत्र घालून देवळात गेलो. बर्फ पडून गेलं होतं. किसाबुरो काका वर आले आणि आम्ही चौघं, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या पांघरुणात पाय घालून बसलो. मी आजींच्या हातात बटणांचा कंट्रोलर दिला.

आजींनी एकाही गस्तवाल्याला हात लावला नाही. त्यांच्या बोटांनी निंजा कसाबसा भिंत चढला आणि छपरावर गेला. तिथे आम्ही बर्फ पाडला होता. कुणी बघेल असं वाटलं नव्हतं, कारण छपरावर कुणी थांबत नाही. आजी थांबल्या. निंजा गुडघ्यावर बसून राहिला आणि त्याच्या खांद्यावर बर्फ पडत राहिलं.

"ह्याच्या घरी कोण असतं?"

मिसाओने माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं आम्ही त्या माणसाबरोबर काढली होती. त्याच्या उडीची उंची, सावलीची लांबी, सगळं माहीत होतं.

"बहीण असते," मिसाओ म्हणाली.

"मोठी?"

"मोठी."

"मग ठीक. जेवायला ठेवत असेल." आजींनी कंट्रोलर हळूच खाली ठेवला. "बसू दे त्याला जरा. दमलाय. मी तांदळाच्या मोची-वड्या भाजते. किसा, तू किती खाशील?"

"चार."

"दोन मिळतील."

त्या आत गेल्या. वड्या भाजल्याचा वास आला. बाहेरचं ऊन बर्फावरून कागदी दारावर चढलं आणि खोली पांढरीशुभ्र झाली. टीव्हीवर बर्फ पडत होतं. कंट्रोलर माझ्या गुडघ्याशीच होता, पण मी काही निंजाला उठवलं नाही.