निळं कुरण

आमचं खालचं कुरण हिवाळाभर तळं असतं. पानगळ संपता संपता जमिनीतल्या भोकांतून पाणी वर येतं आणि वसंतात त्याच भोकांतून खाली जातं. मग तिथे असं गवत येतं की गायी मान वर करायच्या विसरतात. माझ्या चाळीस गायी त्या गवतावर आणि माझं घर त्या गायींवर. हे आमच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. राजाच्या मोजणीदाराला ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहायला हवं होतं.

राजाचा हुकूम असा, की प्रत्येकाची जमीन मोजायची, नकाशावर चढवायची आणि चांगल्यातली चौथाई काढून समुद्रापलीकडून येणाऱ्यांना द्यायची. तळं, दलदल, खडक हिशेबात नाहीत. मोजणीदार हॅम्लिन आला तेव्हा एप्रिल लागला होता. पाणी रोज वीतभर उतरत होतं. आठ-दहा दिवसांत गवत उघडं पडलं असतं.

"आज मोजून उद्या निघायला हवा तो," मी सुनेला म्हटलं.

"आणि रूरीकाका?" साइव म्हणाली.

खरी भीती तीच होती. रूरी माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. खोऱ्यातल्या सगळ्या हद्दी त्याला पाठ, म्हणून हद्द दाखवायला हॅम्लिनने त्यालाच धरला होता. वर धर्मग्रंथावर हात ठेवून खरं दाखवीन, खरं सांगीन अशी शपथही घ्यायला लावली होती. रूरी जन्मात खोटं बोललेला नाही. तेवढा एक दोष सोडला तर माणूस चांगला.

"भाऊजी, विचारलंच तर तळं आहे म्हणायचं," मी सकाळी त्याच्यापुढे ओटची भाकरी आणि दुधाचा पेला ठेवत म्हटलं.

"आज तळंच आहे, वहिनी."

"आणि उन्हाळ्याचं विचारलं तर?"

"विचारलं तर सांगेन."

"म्हणजे चाळीस गायी तुमच्या शपथेवर चरणार?"

"हात ठेवलाय मी."

"हात तुमचा, पोटं आमची!"

त्याने दूध संपवलं, तोंड पुसलं आणि टोपी घेऊन निघाला. मीही शाल ओढून, साइवला घेऊन मागे गेले. या घराची जमीन माझ्या माघारी कुणी मोजलेली नाही.

हॅम्लिन काठावर उभा होता. नाक लाल, बूट चिखलाने भरलेले. शेजारी गॉलवे शहरातला दुभाष्या वॉल्टर, आणि दोन गडी मोजणीची साखळी घेऊन. हॅम्लिन पाण्याकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता आमच्या दगडी भिंतीकडे. ती उतारावरून सरळ येते आणि सरळ पाण्यात शिरते.

"काकू, साहेब विचारतायत, तळ्यात भिंत कोण बांधतं?" वॉल्टर म्हणाला.

"काकू असेन तुझ्या आईच्या गल्लीत," मी म्हटलं. पण भिंतच आमचा घात करणार असं दिसायला लागलं होतं. "माशांची भांडणं होतात, म्हणून बांधली, सांग."

वॉल्टर हसला. हॅम्लिन हसला नाही. त्याने रूरीकडे बोट केलं. हद्द कुठवर?

"मधल्या हद्दीच्या दगडापर्यंत," रूरी म्हणाला. "भिंतीच्या कडेकडेने."

"मग साखळी तिथवर न्या," वॉल्टर म्हणाला. " साखळी गेली तर जमीन, नाही गेली तर पाणी. साहेबांचा नियम आहे."

रूरीने टोपी काढून माझ्या हातात दिली, साखळीचं टोक धरलं आणि पाण्यात उतरला. गुडघे, कंबर, छाती. पासष्ट वर्षांचा माणूस, आणि ते पाणी म्हणजे वितळलेलं बर्फ. मला वाटलं, हा हट्टी गाढव दगडापर्यंत पोहोचणार आणि कुरण घालवणार. मग वाटलं, पोहोचणारच नाही. कुठली भीती मोठी ते मला आजही सांगता येत नाही.

गळ्याशी पाणी आलं तेव्हा साखळी ताणली गेली.

"एक साखळी झाली!" तो ओरडला. "पुढे या!"

दुसरं टोक धरलेला गडी मांडीभर पाण्यात थांबला होता. तो मान हलवून मागे सरकला.

"परत ये म्हणावं," हॅम्लिन म्हणाला.

"दगड अजून लांब आहे!" रूरी तिथेच उभा. ओठ निळे पडलेले. शपथ घेतलेला माणूस अर्ध्यावरून कसा परतेल? शेवटी दोघा गड्यांनी साखळीनेच त्याला मासा ओढावा तसा ओढून काढला.

मी शाल त्याच्या अंगावर टाकली. तो कुडकुडत होता. हॅम्लिनने रंगाची डबी उघडली, कुंचला ओला केला, आणि मग थांबला. परत भिंतीकडे पाहिलं. वॉल्टरला हळूच काही बोलला.

"रूरी," वॉल्टर म्हणाला, "शेवटचा प्रश्न. हे पाणी बारमाही आहे का?"

रूरीने माझ्याकडे पाहिलं. मग हॅम्लिनकडे. तोंड उघडलं. दातांवर दात आपटत होते, तरी शब्द येत होता. "उ... उन्हा..."

मी शाल त्याच्या डोक्यावरून ओढली आणि तोंडावर घट्ट आवळली. "माणूस मरतोय इथे!" मी किंचाळले. "जाब कसले विचारता? साइव, चूल पेटव!" शालीखाली त्याचे ओठ माझ्या तळहातावर हलत होते. मी हात काढला नाही.

हॅम्लिन दोन पावलं मागे सरकला. मेलेला साक्षीदार त्यालाही नको होता. त्याने नकाशावर कुंचला टेकवला आणि माझं कुरण निळं केलं.

घरी चुलीपाशी आवाज फुटल्यावर रूरी पहिलं वाक्य हेच बोलला, "मी सांगणार होतो, वहिनी."

"माहीत आहे," मी म्हटलं.

हॅम्लिन दुसऱ्या दिवशी गेला. नवव्या दिवशी पाणी उतरलं, भिंत वर आली, मधला दगड वर आला, आणि गायी खाली धावल्या. वरच्या ओटच्या शेतांवर नकाशात चौथाईची लाल रेघ पडली होती. कुरणावर मात्र नाही.

रूरी त्यानंतर तीन वर्षं जगला, खोकत खोकत. भाकरी तो पाण्यात भिजवून खाई. त्या कुरणावरच्या गायींचं दूध त्याने तोंडाला लावलं नाही. मी रोज सकाळी पेला भरून त्याच्यापुढे ठेवत होते, आणि रोज भरलेलाच उचलत होते.