निखाऱ्याचं माप

हद्दीचा निवाडा करायला बोलावलेल्या ओचायाने शिया झाडाच्या जुन्या खुंटाला टाच लावली आणि पावलं मोजत निघाला. सतराव्या पावलाला तो अक्वेरोच्या नव्या झोपडीच्या भिंतीशी थांबला.

"हद्द खुंटाशी. म्हणजे झोपडी सबंध लान्येरोच्या जमिनीत."

"मी तेच बोंबलतेय," लान्येरो म्हणाली. "लढाईनं उठवलं, छावणीत अकरा वर्षं काढली, ती काय परत येऊन जमीन शेजारणीला वाटायला? मी मेल्यावर पोरांना हद्द कोण दाखवेल?"

ओचाया अक्वेरोकडे वळला. "बाई, मागं तुझंच एवढं रान मोकळं. इथं कशाला घुसलीस?"

अक्वेरोने चुलीतला निखारा खापरावर घेतला, दारात उभी राहिली आणि हात लांब केला. खापर लान्येरोच्या दारात पोचलं. अक्वेरोचा पाय जागचा हलला नव्हता.

"छावणीत एवढंच अंतर होतं," ती म्हणाली. "मला दुसरं माप येत नाही."

"तिथं तुझ्या खोकल्यानं माझा डोळा लागला नाही कधी!"

"आणि तुझ्या घोरण्यानं माझा."

जमलेली माणसं हसली. ओचाया हसला नाही. हसण्यावारी नेलेल्या हद्दींसाठी पुढं कोयते निघालेले त्याने पाहिले होते. पेरणीआधी झोपडी खुंटापलीकडे न्यावी, असा निवाडा त्याने दिला. समेटाची म्हणून दोघी भोपळ्याच्या एकाच भांड्यातून बाजरीची बिअर प्यायल्या. अक्वेरोने जेमतेम ओठ ओले केले.

पाचव्या दिवशी तो हद्दीवर लावायला रोप घेऊन आला. आठ माणसांनी अक्वेरोचं छप्पर उचलून पलीकडे ठेवलं होतं. तिची नवी भिंत खुंटाला जवळजवळ चिकटली होती.

अलीकडे लान्येरोच्या घराचं छप्पर उतरवलेलं होतं. तिचे मुलगे हद्दीलगत खांबांसाठी खड्डे खणत होते.

"तुझ्या घराला काय धाड भरली?" ओचायाने लान्येरोला विचारलं.

"वाळवी लागली."

ओचायाने उपटलेले खांब पाहिले. एकालाही भोक नव्हतं.

"माझ्या जमिनीत मी कुठंही बांधीन," लान्येरो म्हणाली आणि मुलावर खेकसली, "अजून एक पाऊल पुढं घे, मेल्या! माझा हात काय बांबू आहे?"

पलीकडे अक्वेरो दारात उभी होती. तिला खोकला आला. तिने तो दाबला नाही.

ओचाया रोप घेऊन दोन दारांच्या मधे उभा राहिला. मग हद्दीच्या रेषेवरूनच चार पावलं बाजूला सरकला आणि तिथं खड्डा खणू लागला.