गळ्याभोवतीची तार

मी एक जुनी बीअरची बाटली आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! जाड काच, तपकिरी रंग, असा माझा थाट होता. पण सिंदेवाहीजवळच्या डाकबंगल्यावर एका साहेबाने मला रिकामे केले आणि कुंपणापलीकडे फेकले. गरज सरो, वैद्य मरो!

भंगारवाल्या कमरुद्दीनभाईंनी मला उचलले आणि मूलच्या बाजारात मांडले. तिथून गिरजाबाईंनी मला घरी नेले. त्या माझ्यात शिंदीच्या झाडाचा रस भरत. हा रस आतल्या आत फसफसतो, म्हणून तोंडाला नेहमी पानांचा सैल बोळा असे. धुताना त्या आत वाळू घालून मला खळखळवत. वर्षानुवर्षांच्या त्या वाळूने माझी काच झिजत गेली. वरून मात्र मी ठणठणीत दिसे.

सन पंचावन्नच्या चैत्रात त्यांच्या लेकीचे, कुंताचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. दोन्ही व्याह्यांनी एकाच बाटलीतली शिंदी प्यायची, मगच सोयरीक पक्की, अशी तिथली रीत. कुंताचे वडील मनसारामभाऊ यांनी मला लाकडी बूच ठोकले आणि वरून तार आवळली.

"तार कायले बांधता? तिले दम घेऊ द्या," गिरजाबाई म्हणाल्या.

"सायबाच्या बाटलीवानी दिसाले पायजे. पावने काय म्हनतीन?"

भर उन्हात मला अंगणात, कुंताच्या पाटाशेजारी ठेवले. आतला रस तापला, फुगला. माझ्या अंगावर बारीक तडा सरकू लागला. मला ओरडता येत नव्हते. कुंता माझ्या इतकी जवळ होती! मी फार घाबरले.

बुचाशी सूं आवाज झाला. "कुंता, बाजूले हो!" म्हणत गिरजाबाईंनी मला उचलले आणि कुंपणाकडे धाव घेतली. तिथेच मी फुटले. त्यांचा तळहात रक्ताने भरला. सारी शिंदी मातीत गेली.

अपशकुन झाला, आता सोयरीक मोडणार, असे वाटून मनसारामभाऊंनी मान खाली घातली.

मुलाचे वडील सोमाजी उठले. त्यांनी आपला शेला फाडून गिरजाबाईंच्या हाताला बांधला.

"शिंदी सांडली त सांडू द्या," ते म्हणाले. "लेकरासाठी हात पुढं करते, अशा मायची पोरगी मले पायजे. पानी आना, भाऊ. पान्यावरच पक्की करू."

एका लोट्यातून दोघे व्याही पाणी प्यायले.

मित्रांनो, आता माझा फक्त गळा उरला आहे. गिरजाबाईंनी त्याची धार दगडावर घासली आणि त्याचे नरसाळे केले. जुन्या वस्तू जरूर वापरा, पण अधूनमधून उजेडात धरून त्यांची झीज बघा. आणि आत काही फसफसत असेल, तर केवळ पाहुण्यांना दाखवण्यासाठी कोणाचेही तोंड आवळू नका.